शिडीची खालची पायरी

दिघोरीच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममधल्या बाकानं मला पाडलं. बाक चांगला लांबलचक, सागवानी, पण त्याचे पाय टोकांना नव्हते, हातभर आत होते. नवा माणूस म्हणून मी अदबीनं अगदी कडेला टेकलो होतो. घंटा झाली, मधले दोघे शिक्षक एकदम उठले आणि मी जमिनीवर. बाकाचं दुसरं टोक वर हवेत. सगळे हसले. एक किडकिडीत, सावळे, पिकल्या मिशांचे गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते जवळ आले, मला उठवायच्या आधी बाक सरळ केला, विती टाकून काहीतरी मोजलं आणि विचारलं, "तुमी किती किलोचे हाव, सर?"

मी बहात्तर सांगितलं.

"बहात्तरात काही नाही. बसले कुठं थे पाहा. वजन सगळेच पाहतात, अंतर कोणी पाहत नाही."

हे वलथरे सर. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे. गाव त्यांचंच, समाज ढिवरांचा, घर तलावाच्या पाळीला लागून. वडील तलावात जाळं टाकायचे आणि आई सोनाबाई ते मासे कावडीत घालून आठ कोसांतले बाजार करायची. त्या कावडीवर शिकलेला हा मुलगा पुढं एमएस्सी होऊन गावच्याच शाळेत परत आला होता.

त्या बाकाचे पाय सुताराकडून बाहेर सरकवून घ्यावेत असं मुख्याध्यापक दर वर्षी म्हणायचे आणि वलथरे सर दर वर्षी आडवे यायचे. हे त्यांचं प्रयोगाचं साहित्य होतं. ऑगस्ट महिन्यात अकरावीची पोरं ओळीनं स्टाफरूममध्ये यायची, बाकावर कोण कुठं बसला तर बाक उलटतो याची गणितं करायची आणि आम्ही चहाचे कप हातात धरून भिंतीला लागून उभे राहायचो. नव्या शिक्षकाला कुणीही आधी सावध करायचं नाही असा अलिखित नियम होता. माझ्यानंतर चौघे पडले. त्यांतले दोघे तर गणिताचे होते, त्याचं मला फार समाधान वाटलं.

सरांच्या सवयी मोठ्या विलक्षण होत्या. पानवाल्याच्या टपरीवर ते कधी टेकून उभे राहत नसत. टपरीखालच्या विटा त्यांना पसंत नव्हत्या. छत्री ते मुठीला धरत नसत, तिचा तोल जिथं सापडेल तिथं मधोमध धरत. माझ्या मोटरसायकलवर मागं बसले की दप्तर उजवीकडं, डबा डावीकडं, आणि वळणावर मला कानात सूचना. धानाचे भारे घेऊन जाणारी ट्रॉली समोरून आली आणि मागच्या बाजूला जास्त लादलेली दिसली की मला थांबायला लावून ते उतरायचे आणि ड्रायव्हरला भारे पुढं घ्यायला सांगायचे. ड्रायव्हर म्हणायचा, गुरुजी, तुमी शाळा पाहा. सर रागावत नसत. पुढच्या चढावर ट्रॉलीनं ट्रॅक्टरची मागची चाकं उचलली की तोच ड्रायव्हर हात हलवून बोलवायचा, आणि तोवर आम्ही मुद्दाम तिथंच थांबलेलो असायचो. शाळेला उशीर व्हायचा तो माझ्या नावावर.

माणसांच्या भांडणातही त्यांचं हेच. दोघं शिक्षक तावातावानं बोलायला लागले की कोण खरं हे सर विचारत नसत. "थो कुठून जोर लावून राहिला?" एवढंच हळू आवाजात मला विचारायचे. पुष्कळदा असं निघायचं की भांडण वर्गाच्या वेळापत्रकाचं दिसत होतं, पण जोर घरच्या कुठल्या तरी दुखण्याचा लागत होता. मराठीचा शिक्षक मी, माणसं ओळखायची ती मी, असा माझा समज होता. तो सरांनी वर्षभरातच खाली बसवला.

एकदा त्यांच्यावर कुरघोडी करावी म्हणून मी शब्दकोश उघडून त्यांना सांगितलं की तुम्ही ज्याला टॉर्क टॉर्क म्हणता त्याला मराठीत बल-आघूर्ण असा शब्द आहे. सरांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. "हा शब्द उचलाले दोघं जण लागतीन," म्हणाले, आणि खडू घेऊन वर्गावर गेले.

पण त्यांची खरी ओळख मला पटली ती कावडीच्या तासाला. दर वर्षी एक दिवस सर आपल्या आईला वर्गात आणायचे. पंच्याहत्तरीची म्हातारी, नऊवारीचा काष्टा घातलेली, खांद्यावर कावड. एका टोपलीत रोहू, दुसरीत झिंगे. मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. माझ्या पुढच्या बाकावर कुणीतरी नाकाला रुमाल लावला. सरांनी ते पाहिलं. त्यांनी आईला विचारलं की रोहूची टोपली अर्धी विकली गेली तर काय करशील. इकडचे मासे तिकडं टाकता येत नाहीत, रोहू आणि झिंगे एकत्र झाले की गिऱ्हाईक हात लावत नाही. सोनाबाईनं अर्धे रोहू उतरवून ठेवले आणि खांदा झिंग्यांकडं सरकवला. बस. कावड सरळ. पोरांनी फळ्यावर गणित करून खांद्याची जागा काढली आणि दांड्यावर खडूची खूण केली. ती खूण म्हातारीच्या खांद्यापासून दोन बोटं लांब पडली.

मुलांना वाटलं आजी चुकली. पुस्तकात लिहिलेलं असतं की दांडा वजनरहित आहे असं माना, तसं त्यांनी मानलं होतं. सरांनी ते आईला समजावून सांगितलं. सोनाबाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग फळ्याकडं. मग पदर जरा बाजूला करून खांद्यावरच्या काळ्या, टणक घट्ट्यावर हात ठेवला.

"दांड्याले वजन नाही म्हणते तुहं पुस्तक? मंग हे कायनं झालं?"

रुमालवाल्यानं रुमाल खिशात घातला. सरांनी मुलांना दांड्याचं वजन धरून गणित पुन्हा करायला लावलं, आणि या वेळी खडूची खूण बरोबर म्हातारीच्या खांद्यावर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो.

या शिकवणीचा एक तोटा मात्र झाला. सरांच्या हाताखालची पोरं परीक्षेतही दांड्याला वजनरहित मानायला तयार होईनात. त्या वर्षी अकरावीत प्राची नावाची मुलगी होती, जरा हट्टी, अक्षर मुंग्यांसारखं. घटक चाचणीत तिनं गणित मांडलं, पण शेवटचं उत्तर काढलंच नाही. लिहून ठेवलं, "दांड्याचे वजन दिलेले नाही, पण ते असते." सरांनी तिचे पाचातले दोन गुण कापले, कारण नियम म्हणजे नियम. आणि मग दिवसभर तो पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत फिरले, लग्नाची पत्रिका दाखवावी तसा.

त्याच हिवाळ्यात सोनाबाईनं कावड खाली ठेवली. गुडघे चालेनात. सरांच्या मनात आलं की तो बांबूचा दांडा आता प्रयोगशाळेत छताच्या बीमला टांगावा, म्हणजे वर्गाला कायमचा एक तराजू होईल. बीमला छिद्र पाडून घेतलं होतं, फक्त हूक फिरवून बसवायचा होता. शाळा सुटल्यावर आम्ही दोघंच वर गेलो. सरांनी शिडी लावली, पायापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं दोनदा मोजलं, आणि मला म्हणाले, "बोरकर सर, खालच्या पायरीवर उभे राहा. मी वर गेलो की शिडीचा पाय मागं सरकाले पाहते. तुमचं वजन तिथं असलं की थो सरकत नाही. फरशी नवीन आहे, गुळगुळीत."

मी उभा राहिलो. सर वर गेले. माझ्या खिशात फोन वाजला. आमच्या शाळेत फोन कुठंही वाजतो, पण बोलण्यापुरती रेंज फक्त खिडकीजवळ मिळते. मी पायरीवरून उतरलो आणि चार पावलं खिडकीकडं गेलो. फोनवर कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई कॉलर ट्यून लावा म्हणून सांगत होती. मागं शिडी घसरल्याचा आवाज झाला.

सरांचा डावा खुबा मोडला. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक भेटायला आले आणि त्यांनी विचारलं की असं झालं कसं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "शिडीचा कोन चुकला माहा. लय आडवी लावली होती."

कोन चुकू नये म्हणून तर त्यांनी अंतर दोनदा मोजलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या शिडीचा कोन चुकू दिला नाही त्यानं माझ्यासाठी आपल्या विषयात आपण चुकलो असं सांगितलं. मुख्याध्यापक गेल्यावर मी खरं काय ते बोललो. सरांनी डोळे मिटले आणि नर्सला बोलवायला सांगितलं, उशी उंच पाहिजे म्हणून. मी इतका लाजलो की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मात्र गेलो, आणि मग रोजच.

सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शाळेनं ठरवलं की जूनमध्ये नवं सत्र सुरू होईपर्यंत सर आपल्या पायांनी जिना चढून प्रयोगशाळेत आले तर ठीक, नाहीतर त्यांना खाली ग्रंथालयात बसवायचं आणि विषयाला बाहेरचा माणूस घ्यायचा. जिना चौदा पायऱ्यांचा. ग्रंथालयही वाईट नव्हतं, माझंच राज्य होतं तिथं, पण सरांना पुस्तकांना नंबर लावत बसलेलं मला डोळ्यांसमोर आणवेना. त्यांनाही आणवत नसावं. ते एवढंच म्हणाले की बसून कावड शिकवता येत नाही.

मार्चमध्ये वॉकर सुटला आणि काठी आली. काठी कोणत्या हातात धरायची हे दवाखान्यात कुणी सांगितलं असेलही, पण ऐकून कुणी आलं नव्हतं. डावा पाय दुखतो म्हणून घरच्यांनी काठी डाव्या हातात दिली, आणि सरांनीही ती तशीच घेतली. ओसरीवरून अंगणापर्यंत दहा पावलं झाली की खुब्यावर हात दाबून ते खाली बसायचे. तीन आठवडे झाले, दहाची अकरा पावलं होईनात. त्यांचं बोलणं कमी झालं. मी शाळेतल्या गमती सांगायचो, ते हूं हूं करायचे. एका संध्याकाळी म्हणाले, ग्रंथालयाची खिडकी कोणत्या दिशेला आहे हो?

सरांच्या गैरहजेरीत अकरावीचा तास मला दिला होता. मी तिथं काय शिकवणार? पोरं आपापली गणितं करायची आणि मी खुर्चीवर राखणदार. त्या दिवशी त्यांनी विचारलं, सर कसे आहेत. मी खरं ते सांगून टाकलं: दहा पावलं, खुब्यावर हात, ओसरी. प्राचीनं मान वर केली. "काठी कोण्या हातात धरते सर?"

डाव्या, म्हटलं, डावाच पाय दुखतो ना. तिनं वही उघडली. तास संपेपर्यंत वहीवर वाकून राहिली. घंटा झाल्यावर पान फाडून माझ्या हातात दिलं, सरांना दाखवा म्हणाली.

मी ते पान घेऊन तलावाच्या पाळीवरून सरळ सरांच्या घरी गेलो. सोनाबाई अंगणात झिंगे निवडत बसली होती. सर ओसरीवर. पानावर डाव्या एका पायावर उभा असलेला एक माणूस काढला होता, मिशा पाहता सरच असावेत, आणि त्याच्या कंबरेतून आडवी रेघ, कावडीसारखी. खांद्याच्या जागी डावा खुबा. डाव्या बाजूला अगदी जवळ, बोटभर अंतरावर, खुब्याच्या स्नायूची ओढ. उजव्या बाजूला अंगाचं सगळं वजन. आणि उजवीकडं सगळ्यांत दूर, कावडीच्या टोकाला, उजवा हात आणि त्यात अंग वर रेटणारी काठी. खाली मुंग्यांच्या अक्षरात तीन ओळींचं गणित. त्याखाली लिहिलं होतं, "लटकणाऱ्या पायाचे वजन धरले आहे."

सरांनी चष्मा लावला. पान पाहिलं. माझ्या खिशातला पेन मागून घेतला आणि एकेक ओळ तपासत खाली आले. मग चष्मा काढला.

"तीस वर्षं मी हेच शिकवलं," ते म्हणाले. "अंतर पाहा, अंतर पाहा. आन् काठी धरली खुब्याच्या जवळ."

मी विचारलं, मग सुचलं काहून नाही?

"दुखते तिकडंच हात जाते ना, बोरकर सर."

त्यांनी पानावर पाचपैकी पाच लिहून सही केली. मग काठी उजव्या हातात घेतली आणि उठले. पहिलं पाऊल डगमगलं, मी पुढं झालो तर डोळ्यांनीच मला मागं सारलं. दुसरं पाऊल. सहावं. अंगणापर्यंत गेले, बसले नाहीत, वळले आणि परत आले. मी मोजत होतो, चोवीस झाली. दुखत होतंच, पण ती कळ आता सोसण्यातली होती, असं त्यांनी सांगितलं. सोनाबाई झिंगे निवडता निवडता थांबली होती. "आता लागली कावड खांद्याले," ती म्हणाली आणि पुन्हा झिंग्यांकडं वळली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सर काठी उजव्या हातात, डबा डाव्या हातात, असे फाटकातून आले. मी डबा घ्यायला हात पुढं केला. राहू द्या, म्हणाले, तो जिथं पाहिजे तिथं आहे. दुखत्या बाजूच्या हातात धरलेलं ओझं खुब्यावरचा भार हलका करतं. ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर पान उलटून पाहिलं तर प्राचीनं तेही मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. चौदा पायऱ्यांना त्यांना अकरा मिनिटं लागली. बारावीची पोरं वर कठड्याला ओळीनं उभी होती आणि शिकवल्यासारखी गप्प होती. शेवटच्या पायरीवर सर थांबले, सगळ्यांकडं पाहिलं, आणि प्राचीला म्हणाले की तुझे चाचणीतले ते दोन गुण मात्र कापलेलेच राहतील.

पुढची अडीच वर्षं ते त्या जिन्यानं रोज चढले-उतरले. शिडीचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मी मात्र प्रयोगशाळेत गेलो की बीममधल्या त्या रिकाम्या छिद्राकडं बघणं टाळायचो.

निवृत्तीच्या शेवटच्या दिवशी, खाली मांडवात सत्काराच्या खुर्च्या लागत असताना, सरांनी मला वर बोलावलं. प्रयोगशाळेत कावडीचा दांडा टेबलावर आडवा ठेवलेला होता. त्याचा तोल जिथं सापडतो तिथं लाल दोरा बांधलेला, मधोमध नाही, जरा बाजूला. शेजारी हूक. आणि शिडी, लावून, मोजून तयार.

"चढा," सर म्हणाले.

मी म्हटलं, मला जमणार नाही.

"माहं वजन वर गेलं त उपयोग नाही. खाली लय कामाचं आहे." त्यांनी काठी शिडीच्या बाजूला अडकवली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि आधी उजवा, मग डावा, असे दोन्ही पाय खालच्या पायरीवर ठेवले. मी त्यांच्या बाजूनं दुसऱ्या पायरीवर पाय टाकून वर चढलो. हूक छिद्रात घातला आणि फिरवायला लागलो. चुना डोळ्यांत पडत होता.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

मी हात थांबवून खाली पाहिलं. वरून मला त्यांचे विरळ झालेले केस आणि शिडीवर आवळलेली बोटं दिसत होती. खिडकी चार पावलांवर होती. मांडवातून कुणी बोलावत असेल, घरून आईचा असेल. फोन वाजून थांबला. परत वाजायला लागला. "सर, फोन," मी वरून म्हटलं.

"हूक पक्का करा," सर म्हणाले.

मी हूक शेवटपर्यंत फिरवला. त्यांनी पायरीवरूनच हात लांबवून दांडा वर दिला, मी लाल दोऱ्याशी तो अडकवला आणि सोडला. दांडा थोडा हलला, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि सरळ राहिला. खाली फोन तिसऱ्यांदा वाजत होता, आणि मी उतरून जमिनीवर पाय ठेवेपर्यंत वलथरे सर पायरीवरून हलले नाहीत.